वाडीतला कलावंत आणि वाटेवरचा प्रवासी
(मिरजोळे, जिल्हा रत्नागिरी येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फाल्गुन लागला की रत्नागिरीच्या आसपासच्या गावांचे वेळापत्रक बदलते. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर येते, मग घरोघर फिरते. मुंबईचे चाकरमानी चार दिवसांची रजा टाकून गावी उतरतात आणि वाडीवाडीतून मृदंगाचा आवाज येऊ लागतो. मिरजोळ्याच्या बाबतीत या चित्राला आणखी एक पदर आहे. एका बाजूला रत्नागिरी शहर, दुसऱ्या बाजूला गावच्या शिवारात उभी राहिलेली औद्योगिक वसाहत. अशा गावातला मृदंग वाजविणारा तरुण दिवसा कारखान्याच्या पाळीत असतो आणि रात्री खेळ्यांच्या रांगेत. कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव असते, खेळ्यांच्या रांगेतले त्याचे नाव मात्र कोठेही लिहिलेले नसते. आजच्या विषयाचा प्रारंभ या साध्या विसंगतीपासून करणे सोयीचे होईल.

प्रवासात आणि घरी, स्थानिक कलावंतांपासून निर्मितीची प्रेरणा कशी मिळते, हा आजचा विषय आहे. विषयाच्या नावात 'प्रवास' आधी येतो आणि 'घर' नंतर. माणसाच्या अनुभवाचाही क्रम बहुधा तसाच असतो. परगावी गेलेल्या माणसाचे डोळे आपोआप उघडे राहतात. सहलीला गेलेला शिक्षक राजस्थानात पाबूजीची फड पाहून हरखतो, परत येताना डहाणूच्या बाजूची वारली चित्रे विकत आणतो आणि दिवाणखान्यात लावतो. तोच शिक्षक शिमग्यात अंगणात आलेल्या संकासुराच्या हातावर दहा रुपये ठेवून दार लोटून घेतो. यात त्याचा दोष फारसा नाही. जे रोजचे असते ते कलेच्या सदरात मांडायची सवय कोणी लावलेली नसते. परंतु ज्यांच्या हातून काही नवे निर्माण झाले, त्यांचे चरित्र पाहू जाता असे दिसते की, त्यांनी ही सवय कधी परमुलखात तर कधी स्वतःच्या परसात, पण जाणीवपूर्वक, लावून घेतली होती.

प्रथम घरातलेच उदाहरण घेऊ. नमन-खेळे हा रत्नागिरी जिल्ह्याचा खास लोकप्रकार. रात्री अंगणात किंवा देवळापुढे माणसे गोलाकार बसतात. गळ्यात मृदंग अडकवलेले वादक पुढे उभे राहतात, त्यांच्यामागे झांजा वाजविणाऱ्या झिलकऱ्यांची रांग असते. आरंभी धरतीला, आकाशाला, ग्रामदेवतेला आणि थोरामोठ्यांना नमन होते, त्यावरूनच या प्रकाराला नाव पडले. पुढे गण येतो, गवळण येते. गवळणीत पेंद्या आणि मावशी ही पात्रे हास्याची कारंजी उडवितात, आणि मावशी अर्थातच मिशा काढलेला वाडीतलाच कोणी गडी असतो. मग सोंगांची पाळी. काळ्या वेशातला, उंच टोपीचा आणि पांढऱ्या दाढीचा संकासुर हे त्यांतले मुलांच्या सर्वांत धाकाचे आणि आवडीचे पात्र. पुढच्या काळात याच प्रकाराला वगनाट्याची जोड मिळून 'बहुरंगी नमन' उभे राहिले. गिरणगावात नोकरीला गेलेल्या कोकणी माणसाने ते परळ-लालबागच्या चाळींत नेले, तेथून ते मुंबईच्या नाट्यगृहांत तिकिटावर होऊ लागले.

या प्रकारात रंगमंच नसतो, पडदा नसतो, नेपथ्य नसते. तरीही राजवाडा होतो, यमुनेचा घाट होतो, रानही होते. हे कशाने घडते? बरेचसे त्या रांगेने. मागे उभी असलेली झिलकऱ्यांची ओळ सोंगाला आडोसा देते, गाण्याची झील उचलते, पात्राच्या बोलण्याला होकार देते, क्षणात प्रजा होते आणि क्षणात भिंत. पैशाच्या अभावातून निघालेली ही युक्ती आहे असे कोणी म्हणेल. तसे असले तरी युक्तीची थोरवी त्याने कमी होत नाही.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. या नाटकात बारा ब्राह्मणांची एक ओळ आहे. ती गाते, डोलते, प्रेक्षकांकडे पाठ फिरविते आणि आपल्या आड पुण्यनगरीची पापे झाकते. मानवी भिंतीच्या या कल्पनेचे नाते अभ्यासकांनी कोकणातल्या खेळ्यांशी आणि दशावताराशी जोडलेले आहे. पुढे १९८० साली हे नाटक युरोपात गेले आणि तेथल्या प्रेक्षकांनी त्या भिंतीचे कौतुक केले. कोकणाच्या अंगणात गॅसबत्तीच्या उजेडात उभी राहणारी रांग अशा रीतीने फार लांबचा पल्ला गाठून आली. त्या रांगेतून नाटककाराने गोष्ट उचलली नाही, गाणेही उचलले नाही. माणसे ओळीने उभी राहून काय काय करू शकतात, ही रीत त्याने उचलली आणि तिला अगदी वेगळ्या, राजकीय आशयाच्या कामाला लावले. प्रेरणा आणि नक्कल यांतला फरक समजून घ्यायचा असेल तर याहून चांगले उदाहरण मराठीत सहसा सापडणार नाही. नक्कल करणारा संकासुराची टोपी उचलतो. प्रेरणा घेणाऱ्याचे लक्ष संकासुरामागे उभ्या असलेल्या, कोणाचे विशेष लक्ष न जाणाऱ्या त्या ओळीकडे जाते.

मात्र 'घाशीराम'च्या दिग्दर्शकापासून नृत्यकारापर्यंत सर्वांची नावे इतिहासात नोंदली गेली. ज्या खेळ्यांच्या ओळी पिढ्यान् पिढ्या कोकणात उभ्या राहिल्या, त्यांतल्या एकाही झिलकऱ्याचे नाव त्या इतिहासात नाही. हा नाटककाराचा अपराध नव्हे. नाव लिहून ठेवण्याची रीतच गावात नव्हती.

नाव लिहून ठेवले की काय घडते, हे पाहण्यासाठी कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला जावे लागते. चित्रकार भास्कर कुलकर्णी हे सरकारी कामानिमित्त हिंडणारे गृहस्थ होते. १९६६-६७ च्या सुमारास बिहारमध्ये दुष्काळ पडला, त्या वेळी हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेत पाठविले. मधुबनीकडच्या स्त्रिया मातीच्या भिंतींवर जी चित्रे काढीत, ती कागदावर काढवून घ्यावीत आणि त्यांना चार पैसे मिळवून द्यावेत, असा हा दुष्काळी कामाचाच एक प्रकार होता. खडी फोडण्याच्या कामाबरोबर चित्रे काढण्याचे कामही दुष्काळनिवारणात येऊ शकते, ही कल्पना ज्यांच्या फायलीतून मंजूर झाली त्या अज्ञात अधिकाऱ्यांचेही कौतुक केले पाहिजे. त्या कामातून सीतादेवी, गंगादेवी अशी नावे देशाला माहीत झाली.

पुढे १९७० नंतरच्या वर्षांत कुलकर्णी डहाणू तालुक्यातल्या वारली पाड्यांवर पोचले. तेथे लग्नात घराच्या कुडावर गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाने चौक काढण्याची रीत होती. हे काम सुवासिनींचे. चौकात पालघट देवी येते, भोवती नाचणारे, ताडावर चढणारे, शेत कसणारे लोक येतात. लग्न झाले की चित्राचे काम संपले. पावसाळ्यात ते कुडाबरोबर झिजून जाई आणि त्याची हळहळ कोणाला वाटत नसे. कुलकर्णींनी कागद आणि रंग पुढे केले. गंजाड गावचा जिव्या सोमा म्हसे हा तरुण लहानपणी आई गेल्यानंतर कित्येक दिवस बोलेनासा झाला होता आणि मातीत रेघोट्या ओढून आपले म्हणणे सांगत असे. बायकांच्या मानल्या गेलेल्या या कामात तो आधीच रमलेला होता. कागद हाती येताच लग्नाच्या चौकापुरती असलेली ती भाषा त्याने मोकळी केली. मासेमारीचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, गावाकडे येणारी आगगाडी, जे दिसले ते त्याच्या रेषेत आले. २०११ साली त्याला पद्मश्री मिळाली. त्याआधी २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात इंग्लंडचे ख्यातनाम कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासह त्याचे प्रदर्शन भरले होते. चालणे हीच आपली कला मानणारा, जगभर पायी हिंडणारा हा इंग्रज डहाणूच्या पाड्यावर येऊन गेला, ही गोष्ट प्रवासाचा विषय निघाला असता मुद्दाम सांगण्याजोगी आहे.

यात कुलकर्णींचे वेगळेपण त्यांच्या कागदात शोधता येणार नाही. कागद तर कोणीही नेला असता. ते पाड्यावर राहिले, चित्र कोणाचे ते त्यांनी विचारले, आणि चित्राखाली माणसाचे नाव आले. याची उलट बाजूही पाहावी. वारली नक्षी आज पडद्यांवर, कपांवर, सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणभिंतींवर सर्वत्र दिसते. २०१४ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, तरीही रस्त्यावरच्या भिंतीवर ती काढणारा बहुधा वारली नसतो आणि कोणाकडून शिकला हे त्याला सांगता येत नाही. शाळांच्या भिंती रंगविण्याचा ठराव करताना ग्रामपंचायतींनी हे ध्यानात घ्यावे. रत्नागिरी तालुक्यातल्या शाळेच्या भिंतीवर तारपा वाजविणारा वारली काढण्यास हरकत नाही, पण शेजारी मृदंगवाला खेळ्या का नाही, असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला तर गुरुजींपाशी उत्तर असावे.

परदेशातले एक लहानसे उदाहरण येथे देणे अवश्य आहे, कारण ते प्रवास आणि घर यांच्या मधोमध बसते. हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक १९०४ च्या उन्हाळ्यात एका खेड्यातल्या विश्रामस्थानी राहिले होते. शेजारच्या कुटुंबातील मुले सांभाळणारी लिडी दोशा नावाची मुलगी काम करता करता गात होती. ते गाणे त्यांच्या कानावर पडले. शहरात 'हंगेरियन संगीत' म्हणून जे वाजत होते, त्याहून हे निराळे होते. पुढे बार्टोक आणि त्यांचे मित्र कोदाय यांनी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन खेडोपाडी हजारो गाणी गोळा केली आणि बार्टोक यांच्या पुढच्या रचनांचा पिंडच त्यातून बदलला. परंतु पहिला धागा भिंतीपलीकडून ऐकू आला. आज शंभरावर वर्षे उलटूनही त्या मुलीचे नाव सांगता येते, ते त्यांनी नोंदवून ठेवले म्हणून.

आता पुन्हा घरी. श्रावणात कोकणातल्या कोणत्याही गावात एक तरी 'गणपतीची शाळा' भरते. या शाळेला हजेरीपट नसतो आणि घंटाही नसते. घरोघरचे पाट तेथे आधीच पोचलेले असतात, ज्याच्या त्याच्या पाटावर त्याचा त्याचा गणपती तयार होतो. भाव ठरविण्याची घासाघीस अनेक ठिकाणी आजही होत नाही. मूर्ती नेताना पाटावर नारळ, विडा आणि दक्षिणा ठेवतात. साच्यातून निघालेले अंग ओल्या मातीने सांधायचे, ओल्या फडक्याने हात फिरवून सांधा नाहीसा करायचा, सोंड आणि हात यांना डौल द्यायचा, वाळले की पांढरा हात द्यायचा, मग रंग, आणि सर्वांत शेवटी डोळे. डोळ्यांची आखणी मूर्तिकार स्वतःच करतो. त्या वेळी गप्पा थांबतात. बारीक कुंचला एकदा टेकला की पुन्हा पुसता येत नाही, आणि डावा डोळा उजव्याशी जुळला नाही तर सारी मूर्ती बिघडली.

चित्रकलेच्या तासाला छापील पुस्तकातून डोळा काढायला शिकणारा मुलगा आणि या क्षणी श्वास रोखून शेजारी बसलेला मुलगा एकच असतो. दुसऱ्या प्रसंगी तो जे शिकतो त्याला अभ्यासक्रमात नाव नाही. परंतु कोकणातून मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात आणि अलीकडे सावर्डे, देवरुख येथील कलाशिक्षण संस्थांत गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी कितीकांचा पहिला वर्ग अशा शाळेत झाला, याची चौकशी शिक्षकांनी एकदा आपापल्या गावापुरती करून पाहावी. शाडूऐवजी प्लॅस्टर आले, तयार मूर्ती टेम्पोने येऊ लागल्या, यावर पुष्कळ बोलले जाते आणि ते पर्यावरणाच्या अंगाने. त्यात एक नुकसान मात्र मोजले जात नाही. तयार मूर्ती आली की श्रावणातली ती संध्याकाळची शाळा बंद पडते.

कोकणच्या समुद्राची जलरंगचित्रे ज्यांनी आयुष्यभर काढली, ते जे. जे.चे अधिष्ठाता प्रल्हाद अनंत धोंड यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला 'रापण' हे नाव दिले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. चित्रकाराला स्वतःच्या आयुष्यासाठी रंग-कुंचल्याचा शब्द न सुचता मच्छीमारांचा शब्द सुचावा, यातच पुष्कळ काही आले. रापणीचा एक संकेत किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक आहे. दोराला ज्याने हात लावला त्याला वाटा मिळतो, मग तो परका असला तरी. प्रेरणेच्या व्यवहारात हा संकेत उलटा लावून पाहावा लागतो. जाळे गावाने विणले, दोर गावाने ओढला आणि मासळी मात्र पाहुणा घेऊन गेला, असे होऊ नये.

रत्नागिरी तालुक्यात याबाबतीत एक बरा दाखला आहे आणि तो अत्यंत प्राचीन कलावंतांशी संबंधित आहे. जांभ्या दगडाच्या सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे गुराख्यांना पूर्वापार माहीत होती. कोणी त्यांना पांडवांची करणी म्हणत, कोणी त्यांवरून पाऊलवाट काढीत. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी सुट्टीच्या दिवशी सडे पालथे घालू लागले, तेव्हा या चित्रांचा विस्तार ध्यानी आला. त्यांनी शोधाची जी पद्धत अवलंबिली ती साधी होती. नकाशे बाजूला ठेवून गावातल्या वयस्क माणसांना आणि गुराख्यांना विचारायचे. उक्षी येथे कोरलेला हत्ती सापडल्यावर ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन त्याभोवती चिऱ्याची भिंत बांधली आणि पाहणाऱ्यांना उभे राहण्यासाठी सोय केली. राजापूर तालुक्यातील कशेळीची सुमारे अठरा मीटर लांबीची हत्तीची आकृती तर उभ्याने नजरेतही मावत नाही. २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला. ज्या कलावंतांनी ही रेषा कातळात उतरविली त्यांची नावे मिळणे शक्य नाही. ज्यांची मिळणे शक्य आहे त्यांच्याबाबत तरी ती सबब चालणार नाही.

दक्षिणेकडे कोकण रेल्वेने कुडाळला उतरले की पिंगुळी जवळच आहे. तेथील ठाकर समाजाचे चित्रकथीवाले एकेक चित्र पुढे धरून, वाद्यांच्या साथीने आख्यान सांगतात. कळसूत्री बाहुल्यांचा खेळही त्यांचाच. परशुराम गंगावणे यांनी आपल्या घराच्या गोठ्यात या साऱ्याचे संग्रहालय उभे केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांच्याकडे इमारत नाही म्हणून संग्रहालयाचा प्रस्ताव पडून आहे, अशांनी पिंगुळीचा तो गोठा एकदा पाहून यावा. तेथून सावंतवाडीही दूर नाही. दशावतारी गंजिफाचे दहा रंगांचे एकशेवीस गोल पत्ते रंगविणारे हात तेथे मोजकेच उरले होते. वयोवृद्ध पुंडलिक चितारी यांच्यापाशी ती विद्या शिल्लक होती. संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांना वाड्यात बोलाविले, आणि सत्त्वशीलादेवी स्वतः कुंचला घेऊन त्यांच्यापुढे शिकायला बसल्या. १९७१ पासून वाड्याच्या दरबार दालनात तो कारखाना चालू झाला. राणीने नोकर ठेवून कला वाचविली असती तर ती एक दानधर्माची हकीकत झाली असती. तिने शिष्यत्व पत्करले, म्हणून तिच्या हातून पुढे कला चालली.

येथे उपस्थित असलेल्यांना या साऱ्याचा उपयोग काय? शिक्षकाला आणि ग्रामपंचायत सदस्याला महान नाटक लिहायचे नसते. पण स्नेहसंमेलनाचे नाटुकले बसवायचे असते, भिंतीवर चित्र काढून घ्यायचे असते, स्मरणिका काढायची असते, तालुक्याच्या स्पर्धेत मुले न्यायची असतात. ही सर्व निर्मितीच आहे. आणि अशा प्रत्येक प्रसंगी शहरातून नृत्यशिक्षक आणून चित्रपटगीतावर मुले नाचविण्याआधी वाडीतला जाखडीचा गुरू, म्हणजे ज्याला गाव नुसता 'बुवा' म्हणून ओळखते तो, बोलाविता येतो. जाखडीत पायातल्या चाळाचा ठेका चुकला तर अख्खे वर्तुळ चुकते. शिस्तीचा धडा देणारा याहून चांगला कवायतीचा प्रकार शोधून सापडणार नाही. मात्र बुवाला बोलवायचे तर पाहुण्यासारखे बोलवावे. त्याची पाळी बुडाली तर रोज बुडतो. कार्यक्रमाच्या खर्चात मंडपवाल्याची आणि ध्वनिक्षेपकवाल्याची रक्कम असते, बुवाच्या नावापुढे 'श्रीफळ' असते. हे बरे दिसत नाही.

काही गोष्टी विचारल्याशिवाय उचलू नयेत, हेही सांगणे भाग आहे. पालखीपुढे म्हणायचे नमन आणि संमेलनात म्हणायचे नमन यांत गावकरी फरक करतात. कोणते पद देवापुढचे, कोणते लोकांपुढचे, हे त्यांनाच ठाऊक. मोबाईलवर चित्रित करून रातोरात सगळीकडे पाठविणाऱ्या उत्साही मंडळींनी आधी एवढा एक प्रश्न विचारला तर पुढचे पुष्कळ मनस्ताप टळतात.

आता नोंदीचा प्रश्न, जो प्रशासनाचा आहे. महाराष्ट्र शासन वयोवृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देते. ही योजना जुनी आहे. २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले आणि मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. पन्नाशी उलटलेल्या कलावंताला अर्ज करता येतो. अर्जाबरोबर कलेच्या क्षेत्रातील कामाचे पुरावे जोडावे लागतात. येथेच गाडे अडते. कीर्तनकाराकडे निमंत्रणपत्रिका असतात, नटाकडे जाहिराती असतात. चाळीस वर्षे शिमग्यात मृदंग वाजविलेल्या माणसाकडे काय असते? हाताला पडलेले घट्टे असतात, आणि ते अर्जाला जोडता येत नाहीत. छाननी करणारा अधिकारीही कागदाशिवाय काय करणार? दोघेही प्रामाणिक आणि दोघेही हतबल, असा हा प्रसंग आहे.

यावरचा उपाय ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या हातात आहे, आणि त्याला स्वतंत्र निधी लागत नाही. एक वही लागते. दरवर्षी शिमग्यात आणि गणपतीत, ज्या वाडीत जे खेळ होतील, त्यांत कोण कोण उभे राहिले याची तारखेसह नोंद करायची, खाली सरपंच आणि मुख्याध्यापक यांनी सही करायची. दहा वर्षांनी तीच वही पुराव्याचे काम करील. दहावीच्या विद्यार्थ्यांना लोककलेसाठी वाढीव गुण देण्याची तरतूद आहे, तिथेही मुलाने कोणाच्या हाताखाली, किती काळ काम केले हे सांगता आले पाहिजे. आणि प्रेरणेचा जो मूळ विषय, त्याच्याही कामी हीच वही येते. कारण नोंद करायला गेलेला शिक्षक खेळ सुरू होण्याच्या तासभर आधी पोचतो. त्या तासात मृदंगाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापली जात असते. थोडी जास्त झाली की आवाज बसतो, कमी झाली की पोकळ होतो, वादक चिमटीने कणीक काढतो, पुन्हा लावतो, कान टेकवून ऐकतो. मावशीचे सोंग घेणारा गडी आरशाचा तुकडा गुडघ्यांत धरून कुंकू लावीत असतो. कोणी नवख्या झिलकऱ्याला कोठे उभे राहायचे ते खांद्याला धरून दाखवीत असतो. ज्याला लिहायचे, रंगवायचे किंवा मुलांकडून काही बसवून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी रात्रीच्या खेळाइतकाच हा तास मोलाचा आहे. प्रवासी नेमका याच वेळी मुक्कामाच्या ठिकाणी जेवत असतो.

वहीचे रकाने साधे असावेत. नाव, वाडी, वय, वाद्य किंवा सोंग, किती वर्षे, कोणाकडून शिकले. पहिले पाच भरायला फार वेळ लागत नाही. शेवटच्या रकान्यापाशी समोरचा माणूस जरा थांबतो आणि 'बापाशीकडून' किंवा 'मामाकडून' असे सांगतो. मग त्या मामाचे नाव विचारावे लागते. ते सांगताना त्याला मामाचा जोडीदार आठवतो, जोडीदाराचा मृदंग आता कोणाच्या माळ्यावर आहे ते आठवते, भोवती बसलेले आणखी दोघे मध्येच दुरुस्ती सुचवितात, आणि वहीतली ती एक ओळ पुरेनाशी होते.